रडार, सागरी : क्षीण चल लक्ष्यांचे अभिज्ञान

समुद्रपृष्ठावर असलेल्या अथवा त्यातून थोड्याच वर आलेल्या, रेडिओ तरंगांचे अत्यल्प परावर्तन करणाऱ्या व हलत असलेल्या वस्तू रडारच्या साहाय्याने ओळखून काढण्याचे तंत्र. पाणबुडीचा परिदर्शक वा हवा आत घेण्याची नळी, लाकडी किंवा रबरी होडी, पाण्यावर जेमतेम डोके काढणारा हिमखंड ही अशा लक्ष्यांची नेहमीची उदाहरणे होत. या तंत्राचा इतिहास दुसऱ्या महायुद्धातील अटलांटिक महासागरावरील पाणबुडीविरोधी मोहिमेशी निगडित आहे. रडारची शक्ती वाढवीत नेली म्हणजे क्षीण वस्तूही दिसू लागेल, ही सामान्य कल्पना समुद्राच्या बाबतीत फारशी खरी ठरली नाही व या इतिहासाला वेगळे वळण लागले ते त्यामुळेच. [⟶ रडार].

अडचणीचे स्वरूप : रडारच्या प्रेषकातून निघालेला तरंगांचा आखूड स्पंद लक्ष्यावर आदळून परत येतो व तो येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. आकाशातील विमानाच्या बाबतीत परत आलेल्या प्रतिध्वनीची स्पर्धा मुख्यतः ग्राहीतील विद्युत् गोंगाटाशी असते. प्रेषकाची शक्ती वाढविली की, प्रतिध्वनी वाढतो आणि गोंगाट आहे तेवढाच राहतो. समुद्रावर मात्र स्पंद लक्ष्याबरोबरच आजूबाजूच्या लाटांवरही आदळतो. लाटांपासून येणारा हा सागरप्रतिध्वनी शक्तीच्याच प्रमाणात वाढतो, म्हणून दुप्पट शक्तीने लक्ष्य दुप्पट स्पष्ट होत नाही. रडारतंत्रज्ञांच्या बोलीत या नकोशा प्रतिध्वनींना ‘क्लटर’ म्हणतात.

एका साध्या हिशेबावरून हे स्पष्ट होईल. एक मायक्रोसेकंद (सेकंदाचा दशलक्षांश भाग) टिकणारा स्पंद अंतराच्या दिशेने सु. १५० मी. लांबीचा पट्टा एका वेळी व्यापतो. शलाकेची रुंदी १ अंश असल्यास १० किमी. अंतरावर तिची आडवी व्याप्ती सु. १७५ मी. होते. म्हणजे परिदर्शकाबरोबर सु. २६,००० चौ. मी. समुद्रही एकाच वेळी ‘बोलत’ असतो. मध्यम खवळलेल्या समुद्राचा प्रत्येक चौ. मी. भाग एक चौ. मी.च्या तीन हजारांश भागाइतके परावर्तन करतो असे धरले, तरी एकूण समुद्राचा प्रतिध्वनी सु. ९ चौ. मी. आकाराच्या लक्ष्याइतका होतो. परिदर्शकाचे परिणामी परावर्तन क्षेत्र सामान्यतः १ चौ. मी. किंवा त्याहूनही कमी असते.

दुसरी अडचण अंतराची. लक्ष्याचा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. सागरप्रतिध्वनी त्या मानाने सावकाश घटतो, कारण अंतर वाढेल तसे शलाकेखाली येणारे पाण्याचे क्षेत्रही वाढते. तथापि क्षितिजाजवळ शलाका पाण्याला अगदी चाटून जाऊ लागली म्हणजे सागरप्रतिध्वनीही झपाट्याने मंदावतो. विमान लक्ष्याच्या जवळ येऊ लागले की, शलाका पाण्यावर अधिक तिरपी पडते व समुद्राचा प्रतिध्वनी जोर धरतो. त्यामुळे दूरवर दिसणारे लक्ष्य नेमके हल्ल्याच्या क्षणी पडद्यावरून नाहीसे होण्याचा चमत्कारिक अनुभव सुरुवातीच्या वैमानिकांना येत असे.

प्रारंभ : समुद्रावरील वस्तू रेडिओ तरंगांनी हुडकण्याची कल्पना रडारहूनही जुनी आहे. जर्मन संशोधक क्रिस्टिआन ह्यूल्समायर यांनी धुक्यात जहाजांची टक्कर टळावी या हेतूने १९०४ मध्ये एका उपकरणाचे एकस्व (पेटंट) घेतले आणि त्याच वर्षी कोलोन येथे ऱ्हाईन नदीवर त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. उपकरणाने येणाऱ्या जहाजाची चाहूल दिली. मात्र नौदलांनी व जहाज कंपन्यांनी त्यात रस घेतला नाही. १९२२ मध्ये अमेरिकन नौदलातील ए. एच्. टेलर व एल्. सी. यंग यांना पोटोमॅक नदीतून जाणाऱ्या एका लाकडी आगबोटीमुळे ६० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनसंख्येचा) संदेश कमीजास्त होत असल्याचे आढळले. या निरीक्षणाचाही लगेच पाठपुरावा झाला नाही.

ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये आर्. ए. वॉटसन-वॉट यांच्या प्रयोगानंतर रडारचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. विमानात बसेल असे रडार तयार करण्याची कामगिरी ई. जी. बोएन या तरुण वेल्श भौतिकीविज्ञांकडे होती. ४ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी एका ॲन्सन विमानातून उत्तर समुद्रात कवायत करणाऱ्या ब्रिटिश युद्धनौका शोधून काढल्या. त्या दिवशी हवा इतकी वाईट होती की, नौकांच्या शोधासाठी निघालेली इतर विमाने परत बोलावण्यात आली होती. शोध लागलेल्या नौका प्रचंड होत्या, पाणबुडी नव्हे. तरीसुद्धा समुद्रावरील शोधाच्या कामी रडारचे मोल या एका उड्डाणाने सिद्ध झाले.

अटलांटिकवरील कसोटी : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे अन्न, इंधन व शस्त्रसामग्री अटलांटिक ओलांडून येत होती. जर्मन पाणबुड्यांनी हा मार्ग तोडला असता, तर ब्रिटनला युद्ध चालू ठेवणे अशक्य झाले असते. या मोहिमेत व तिच्या अनुषंगाने सु. ३०,००० व्यापारी खलाशी मृत्युमुखी पडले. ब्रिटिश जहाजांच्या यंत्रखोल्यांतून, डेकवर व स्वयंपाकघरांतून काम करणाऱ्यांत कोकणातील व गोव्यातील खलाशांची संख्या मोठी होती, हे मराठी वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही.

त्या काळच्या पाणबुड्या बहुतेक वेळ पृष्ठभागावरच वावरत. पाण्याखाली त्या विद्युत् घटमालेवर (बॅटरीवर) चालत व त्यांचा वेग फार कमी असे. घटमाला पुन्हा भारित करण्यासाठी त्यांना डीझेल एंजिने चालवावी लागत व त्यासाठी वर यावे लागे. हे काम त्या रात्री करीत. म्हणून रात्रीच्या अंधारात, समुद्रसपाटीहून थोडाच वर असणारा पाणबुडीचा मनोरा शोधणे हा सारा प्रश्न होता.

१९४० च्या अखेरीपासून वापरात आलेले ‘ए. एस्. व्ही. मार्क २’ हे विमानातील रडार सु. १·७ मी. तरंगलांबीवर काम करी. मोठ्या जहाजांच्या शोधात त्याने चांगली कामगिरी बजावली. मे १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात स्वोर्डफिश विमानांना त्याचा उपयोग झाला. पण २६ मे रोजी ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवरून निघालेल्या पहिल्या तुकडीने ढगांतून रडारच्या आधारे खाली येऊन हल्ला केला, तो ‘शेफील्ड’ या ब्रिटिश क्रूझरवरच. नौकेच्या सुदैवाने एकही पाणतीर तिला लागला नाही. रडारने जहाज दाखविले होते. ते कोणाचे, हे ते सांगू शकत नव्हते. त्याच संध्याकाळच्या दुसऱ्या हल्ल्यात बिस्मार्कचे सुकाणू निकामी झाले.

पाणबुडीच्या बाबतीत अडचण अधिक बिकट होती. रात्री रडारने तिचा माग काढता येई. पण शेवटच्या सु. एक-दीड किमी. अंतरात तिचा प्रतिध्वनी समुद्राच्या प्रतिध्वनीत बुडून जाई आणि वैमानिकाला अंधारात काहीच दिसत नसे. हंफ्री लाय या ब्रिटिश हवाई दलातील अधिकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा रडारविज्ञानाबाहेरचा होता. विमानाच्या पोटाखाली त्यांनी एक प्रखर शोधदीप बसविला. रडारने विमान जवळ आणावे व प्रतिध्वनी नाहीसा होण्याच्या सुमारास दिवा लावावा, अशी ही योजना होती. ४ जून १९४२ च्या पहाटे बिस्केच्या उपसागरात या पद्धतीने ‘लुईजी तोरेल्ली’ या इटालियन पाणबुडीवर हल्ला झाला व ५ जुलै रोजी ‘यू-५०२’ ही जर्मन पाणबुडी बुडविण्यात आली. समुद्राच्या प्रतिध्वनीपुढे विद्युत् तंत्राने हात टेकल्यावर अखेरचे अंतर साध्या प्रकाशाने पार करावे लागले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यावर जर्मनांनी लवकरच प्रत्युपाय योजला. ऑगस्ट १९४२ पासून पाणबुड्यांवर ‘मेटॉक्स’ नावाचा ग्राही बसविण्यास सुरुवात झाली. शोध घेणाऱ्या रडारचे तरंग लक्ष्यापर्यंत एकदाच प्रवास करून पोहोचतात, तर रडारला मिळणारा प्रतिध्वनी जाऊन येऊन दुहेरी प्रवास करतो व परावर्तनात त्याचा बराच क्षय होतो. त्यामुळे पाणबुडीला विमानाची चाहूल विमानाला तिची लागण्यापूर्वी लागे आणि ती बुडी मारी. काही महिने रात्रीची गस्त जवळजवळ निष्फळ ठरली.

तोल पुन्हा फिरला तो सेंटिमीटर तरंगलांबीमुळे. २१ फेब्रुवारी १९४० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात जे. टी. रँडल व एच्. ए. एच्. बूट यांचा विवर-मॅग्नेट्रॉन प्रथम चालला. सु. १० सेंमी. तरंगलांबीवर त्याने त्यावेळी शेकडो वॉट शक्ती दिली. या तरंगलांबीवर त्यापूर्वी मिळणाऱ्या शक्तीच्या ती कित्येक पट होती. तरंगलांबी कमी झाली की, आटोपशीर आकाशकातूनही अरुंद शलाका मिळते व एका वेळी प्रकाशित होणारा समुद्राचा तुकडा लहान होतो. शिवाय लांब तरंगांच्या बाबतीत सरळ येणारा व पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा असे दोन प्रवाह पाण्यालगतच्या बुटक्या वस्तूपाशी एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. सेंटिमीटर तरंगांच्या बाबतीत हा तोटा बराच कमी होतो.

ब्रिटिश नौदलाचे १० सेंमी.चे ‘टाइप २७१’ हे रडार मार्च १९४१ मध्ये ‘ऑर्किस’ या कॉर्व्हेट नौकेवर बसविण्यात आले. पृष्ठावरील पाणबुडी त्याला काही किमी. अंतरावरून दिसली आणि नुसता परिदर्शकही एक किमी.च्या आसपास दिसू शकला. १६ नोव्हेंबर १९४१ रोजी ‘मॅरिगोल्ड’ या कॉर्व्हेटने या रडारच्या साहाय्याने हुडकून ‘यू-४३३’ ही पाणबुडी जिब्राल्टरच्या पूर्वेस बुडविली. मार्च १९४३ पासून विमानांतही १० सेंमी.चे रडार आले. मेटॉक्सला हे तरंग मुळी ऐकूच येत नव्हते. फेब्रुवारी १९४३ मध्ये रॉटरडॅमजवळ पाडलेल्या एका बाँबफेकी विमानात जर्मनांना मॅग्नेट्रॉनयुक्त रडार सापडले होते. तरीही पाणबुड्यांवरील अनपेक्षित हल्ल्यांचे खापर काही काळ त्यांच्या तंत्रज्ञांनी मेटॉक्समधून निसटणाऱ्या क्षीण प्रारणावर फोडले व १९४३ च्या उन्हाळ्यात तो वापरू नये असा हुकूम निघाला. चुकीचे निदान केवढे महाग पडते, याचे हे उदाहरण युद्धेतिहासात वारंवार दिले जाते.

मे १९४३ या एका महिन्यात चाळिसाहून अधिक जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या आणि ॲडमिरल कार्ल डनिट्स यांनी उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घेतल्या. या विजयाचे श्रेय केवळ रडारला देण्याची प्रथा आहे, ती बरोबर नाही. पाणबुड्यांच्या बिनतारी संदेशांचे दिशाशोधन, गुप्त लिपीचा उलगडा, लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने व काफिल्यांबरोबर जाणाऱ्या छोट्या विमानवाहू नौका यांचा त्यात मोठा वाटा होता. मात्र दिसलेल्या पाणबुडीपर्यंत अंधारात व धुक्यात पोहोचविण्याचे काम सेंटिमीटर रडारनेच केले. युद्ध संपेपर्यंत जर्मन पाणबुड्यांवर काम केलेल्या सु. ४०,००० सैनिकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश प्राणास मुकले.

१९४४ मध्ये श्नॉर्केलचा वापर सुरू झाला. मुळात डच नौदलात तयार झालेल्या या नळीमुळे पाणबुडी पाण्याखाली राहूनही डीझेल एंजिने चालवू शकत असे. समुद्राबाहेर फक्त नळीचे डोके राही. शांत समुद्रात ते रडारला काही किमी. अंतरावरून दिसे, लाटा उठल्या की बहुधा दिसत नसे. काही नळ्यांवर रेडिओ तरंग शोषून घेणारे आवरणही चढविण्यात आले होते. रडारने मिळविलेले वर्चस्व यामुळे बव्हंशी पुसले गेले. या वेळेस रडारकडे शक्ती, अरुंद शलाका व उत्तम ग्राही हे सर्व होते. उणीव होती ती समुद्राच्या प्रतिध्वनीविषयीच्या ज्ञानाची.

पडद्यासमोरील मनुष्य : या काळात प्रतिध्वनी ओळखण्याचे काम ऋण किरण नलिकेच्या पडद्याकडे टक लावून बसलेला चालकच करीत असे. पडद्यावर उजळलेला ठिपका काही सेकंद मंदपणे रेंगाळत असल्यामुळे एकाच जागी पुनःपुन्हा उमटणारा किंवा हळूहळू सरकणारा ठिपका निष्णात डोळ्यास जाणवे; लाटांचे ठिपके मात्र इकडेतिकडे उमटून विझत. परंतु डोळा थकतो. गस्ती विमानांतील चालकांच्या नजरेतून पाणबुड्या निसटतात, असे आढळल्यावर केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ एन्. एच्. मॅकवर्थ यांनी घड्याळासारख्या तबकडीवर टकटक पुढे सरकणाऱ्या काट्याचा प्रयोग रचला. काटा क्वचित दुप्पट उडी घेई व ती पाहणाऱ्याने टिपायची होती. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात पहिल्या अर्ध्या तासानंतरच सावधता लक्षणीय प्रमाणात घटते असे दिसून आले. चालकांच्या पाळ्या आखूड असाव्यात, हा त्याचा व्यावहारिक निष्कर्ष. क्षीण लक्ष्य शोधण्याचे काम यंत्राकडे सोपविण्याच्या पुढील प्रयत्नांमागे मानवी मर्यादेची ही जाणीवही होती.

सागरप्रतिध्वनीचे विज्ञान : युद्धकाळात अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत हर्बर्ट गोल्डस्टाइन व इतरांनी सागरप्रतिध्वनीची पद्धतशीर मापने केली. समुद्र म्हणजे हलणाऱ्या असंख्य लहान परावर्तकांचा समूह, असे चित्र त्यातून पुढे आले. तथापि हे परावर्तक नेमके कोणते, हे १९५५ पर्यंत अस्पष्ट होते. त्या वर्षी न्यूझीलंडमधील डी. डी. क्रॉम्बी यांनी १३·५६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग समुद्रावर सोडून परत आलेल्या तरंगांच्या कंप्रतेत सु. ०·३८ हर्ट्‌झचा फरक मोजला. या तरंगांची लांबी सु. २२ मी. भरते. तिच्या निम्म्या म्हणजे ११ मी. लांबीच्या सागरी लाटा खोल पाण्यात सेकंदाला सु. ४·२ मी. वेगाने धावतात. हा वेग ⇨ डॉप्लर परिणामाच्या सूत्रात घातला की, मोजलेला फरक तंतोतंत मिळतो. स्फटिकातील अणूंचे थर क्ष-किरणांचे जसे निवडक परावर्तन करतात, तशी समुद्रही आपल्या अगणित लाटांतून रडार तरंगाच्या निम्म्या लांबीचीच लाट निवडून तिच्याकडून प्रतिध्वनी पाठवितो, असे यावरून सिद्ध झाले. सेंटिमीटर रडारच्या बाबतीत ही लाट म्हणजे वाऱ्याने उठणारी एक-दोन बोटे लांबीची बारीक लहर. मोठ्या लाटा तिला पाठीवर घेऊन फिरतात व वरखाली झुलवितात.

क्रॉम्बी यांच्या शोधाचा उपयोग क्षितिजापलीकडील जहाजे पाहणाऱ्या लांब तरंगांच्या रडारमध्ये झाला. तेथे सागरप्रतिध्वनी वर्णपटात दोन टोकदार रेषांच्या रूपाने येतो आणि जहाजाचा प्रतिध्वनी त्या रेषांपासून वेगळा पडल्यास ओळखता येतो. गंमत अशी की, वरील उदाहरणातील लाटेचा सेकंदाला ४·२ मी. वेग म्हणजे सु. ८ सागरी मैल (नॉट), म्हणजे एखाद्या संथ मालवाहू जहाजाचा नेहमीचा वेग. त्याच वेगाने रडारच्या रोखाने येणारे जहाज लाटेच्या रेषेतच दडून जाते. कंप्रता बदलली की, लाट बदलते व जहाज पुन्हा दिसू लागते.

सांख्यिकीय अंग याहून अवघड ठरले. ग्राहीतील गोंगाट यदृच्छ असला, तरी त्याचे वितरण चांगले ज्ञात आहे. एखादे उंबरठा मूल्य ठरवून त्यावरील प्रत्येक प्रतिध्वनी लक्ष्य समजला, तर खोटे इशारे किती मिळतील, याचे गणित १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत जे. आय्. मार्कम यांनी मांडले. जुन्या रडारच्या विस्तृत तुकड्यात असंख्य लहरींची बेरीज होत असल्यामुळे सागरप्रतिध्वनीही ढोबळमानाने असाच वागे. पुढे स्पंद आखूड करण्याचे तंत्र प्रगत झाले. समुद्राचा तुकडा १५० मी.ऐवजी एका मीटरचा केला की, वरील हिशेबातील ९ चौ. मी.चे ०·०६ चौ. मी. होतात व लक्ष्य सहज दिसावे अशी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात मात्र तुकडा लहान झाल्यावर समुद्राचे वर्तनच बदलले. सरासरी प्रतिध्वनी घटला, पण मधूनमधून फुटणाऱ्या लाटांच्या शेंड्यांपासून तीक्ष्ण, बलवान प्रतिध्वनी येऊ लागले व ते लहान होडीसारखे भासू लागले. जुन्या गणिताने ठरविलेल्या उंबरठ्यावर खोट्या इशाऱ्यांचा वर्षाव झाला. १९७६ मध्ये ई. जेकमन व पी. एन्. प्यूझी या ब्रिटिश संशोधकांनी यासाठी ‘के-वितरण’ सुचविले. के. डी. वॉर्ड यांनी १९८१ च्या सुमारास त्याला भौतिक अर्थ दिला, तो असा : बारीक लहरींमुळे प्रतिध्वनी क्षणोक्षणी थरथरतो व त्याची स्थानिक सरासरी मोठ्या लाटांच्या चालीने सावकाश चढउतार करते. हे प्रतिमान आजही या विषयात पायाभूत मानले जाते.

यानंतर एक वेगळाच दावा पुढे आला. सागरप्रतिध्वनी यदृच्छ नसून थोड्या नियमांनी बांधलेला, पण गुंतागुंतीचा म्हणजे ‘केऑस’ प्रकारचा असावा व नियम सापडल्यास तो आगाऊ वर्तवून वजा करता येईल, असे १९९० च्या दशकात कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात सायमन हायकिन व त्यांचे सहकारी मांडीत होते. या कल्पनेने बराच उत्साह निर्माण झाला. परंतु २००० नंतरच्या काटेकोर तपासणीत ती टिकली नाही. या गटाने १९९३ मध्ये नोव्हा स्कोशाच्या किनाऱ्यावर केलेली मापने मात्र कायमच्या उपयोगाची ठरली. त्यांतील लक्ष्य सु. १ मी. व्यासाचा, तारेच्या जाळीत गुंडाळलेला व पाण्यात नांगरलेला एक फेसाळ प्लॅस्टिकचा गोळा होता. जगभरातील संशोधकांनी आपापल्या पद्धती या गोळ्यावर पारखून पाहिल्या.

चलनाचा व कालाचा उपयोग : हलणारे लक्ष्य वेगळे काढण्याचा राजमार्ग डॉप्लर परिणामाचा. ३ सेंमी. रडारकडे सेकंदाला १० मी. वेगाने येणाऱ्या नौकेमुळे सु. ६७० हर्ट्‌झचा कंप्रताबदल होतो. समुद्राची लहरही हलत असल्यामुळे तिचा बदल शून्य नसतो. वाऱ्यानुसार तो १०० हर्ट्‌झच्या आसपास असून त्याच्या भोवती बराच पसरलेला असतो. वेगवान नौका या पट्ट्याबाहेर पडते व दिसते. ताशी चार-पाच किमी. वेगाने सरकणारी होडी किंवा परिदर्शक नेमका या पट्ट्यात सापडतो. विमानातील रडारमध्ये विमानाच्या स्वतःच्या गतीने हा पट्टा आणखी फुगतो. म्हणून जमिनीवरील पर्वत वजा करून विमाने दाखविणारी चल-लक्ष्य पद्धती समुद्रावरील मंद लक्ष्यांपुढे लंगडी पडते.

दुसरा मार्ग काळाचा. फुटत्या लाटेचा तीक्ष्ण प्रतिध्वनी सेकंदभर किंवा थोडा अधिक टिकतो. परिदर्शक वर असेपर्यंत प्रतिध्वनी देतच राहतो. आकाशक मिनिटाला १०-२० फेरे घेत असेल, तर हा फरक नजरेस येण्यास वेळ लागतो व तोपर्यंत परिदर्शक खाली गेलेला असतो. याउलट आकाशक फारच जलद फिरविला, तर ठराविक थोड्या वेळात समुद्राची अनेक स्वतंत्र चित्रे मिळतात व त्यांची बेरीज केली की, लाटा एकमेकींना पुसतात आणि टिकाऊ लक्ष्य उरते. ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागातील जे. क्रोनी यांनी मिनिटाला सु. ६०० फेऱ्यांच्या आकाशकाने हे १९६६ मध्ये दाखवून दिले. अमेरिकन नौदलाच्या एस्-३ वायकिंग या १९७० नंतरच्या दशकातील पाणबुडीविरोधी विमानात अतिसूक्ष्म अंतरभेद व जलद फिरणारा आकाशक यांची सांगड घातलेली होती. रडारच्या पडद्यावर डोळा जी बेरीज नकळत करी, तीच येथे यंत्राने, न थकता, करावयाची होती.

संगणक स्वस्त व वेगवान झाल्यावर हेच तत्त्व पुढे नेण्यात आले. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फेऱ्याअखेर उंबरठा लावून लक्ष्ये ठरवितात व मग त्यांचा माग जोडतात. क्षीण लक्ष्याचा प्रतिध्वनी उंबरठ्याखाली राहिला, तर तो येथेच कायमचा टाकून दिला जातो. ‘अभिज्ञानापूर्वी मागोवा’ या पद्धतीत हा निर्णय लांबणीवर टाकतात. अनेक फेऱ्यांची मूळ मापने तशीच ठेवून होडी ज्या ज्या मार्गांनी जाऊ शकली असती, त्या सर्व मार्गांवर प्रतिध्वनींची बेरीज करतात. सेकंदाला १० मी. वेगाची होडी दहा सेकंदांत १०० मी. सरकते. त्या चालीशी सुसंगत अशा एखाद्या मार्गावर थोडेथोडे बळ सातत्याने साचले, तर ते लाटांचे असण्याचा संभव कमी असतो. संभाव्य मार्गांची संख्या भयंकर वाढते, ही तिची मुख्य अडचण. १९८५ च्या सुमारास गतिमान आयोजनाचे गणित व २००० नंतर कणगाळणी नावाच्या सांख्यिकीय युक्त्या वापरून ती बरीचशी आटोक्यात आणली गेली. लक्ष्याने मध्येच दिशा बदलली किंवा ते दोन लाटांमधील खळग्यात वारंवार दडू लागले, तर मात्र साचत आलेली बेरीज विस्कटते.

भारतीय किनारा : अरबी समुद्राने रडारतंत्रज्ञांना फार पूर्वीच एक धडा दिला होता. दुसऱ्या महायुद्धात मुंबई येथे बसविलेल्या दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर उन्हाळ्यात १,६०० किमी.हून अधिक दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत. समुद्रालगतच्या दमट हवेवर उष्ण कोरड्या हवेचा थर पसरल्यामुळे रेडिओ तरंग एखाद्या नळातून जावेत तसे पाण्याला धरून वाकत व क्षितिजापलीकडे जात. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की, हा थर मोडे व पल्ला पुन्हा नेहमीसारखा होई. अशा वेळी दूरचा सागरप्रतिध्वनी जवळच्या लक्ष्यावर येऊन पडतो, ही त्यातली गैरसोय होय. कोकण किनाऱ्यावरील रडारला म्हणून वर्षातून दोन अगदी निराळे समुद्र पाहावे लागतात.

लहान होडीचा प्रश्न भारतात सर्वतोमुखी झाला तो २६ नोव्हेंबर २००८ रोजी. त्या रात्री ‘कुबेर’ हे बळकावलेले मासेमारी जहाज मुंबईपासून काही अंतरावर सोडून दहा हल्लेखोर एका रबरी होडीतून कुलाब्याच्या कोळीवाड्याजवळ उतरले. त्यानंतर किनाऱ्यावर रडार व कॅमेरे यांची साखळी उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. पहिल्या टप्प्यात मुख्य भूमीवर ३६ व बेटांवर १० अशी ४६ ठाणी उभारण्यात आली. त्यांपैकी अनेक जुन्या दीपगृहांवर आहेत. हवा भरलेली रबरी होडी रेडिओ तरंगांना जवळजवळ पारदर्शक असते. तिचे एंजिन, त्यात बसलेली माणसे व पाठीमागे उठणारा फेस यांच्यामुळेच तिचा प्रतिध्वनी मिळतो. त्यात भर म्हणजे मुंबई व रायगडच्या पाण्यात कोणत्याही रात्री शेकडो लाकडी मासेमारी होड्या असतात. येथे प्रश्न क्षीण प्रतिध्वनी हुडकण्यापाशी थांबत नाही. १९४१ मध्ये ‘शेफील्ड’वर चाल करून गेलेल्या वैमानिकांना पडलेला प्रश्नच पुन्हा समोर येतो : दिसलेली होडी कोणाची? त्यासाठी नौकांवर ओळख-प्रेषक बसविणे, मच्छीमारांना ओळखपत्रे देणे व किनाऱ्यावरील कोळी समाजाकडून माहिती मिळविणे हे रडारेतर उपाय योजण्यात आले आहेत.